पणजोबा सापडत नसतील तर आधी त्यांची जमीन शोधा

वाचकांचे प्रश्न : घराण्याचा शोध

प्रश्न : नमस्कार ताई, माझं माहेर साताऱ्याकडचं, गेली अकरा वर्षं मी सास्काटूनला आहे, मिस्टर इथलेच, कॅनेडियन. त्यांचे पणजोबा शेतकरी होते, नॉर्वेहून आले, आधी अमेरिकेत नॉर्थ डकोटाला काही वर्षं शेती केली आणि मग १९०४ की १९०५ ला बायकोमुलं, घोडे, नांगर सगळं ट्रेनमध्ये घालून इकडे सस्कॅचेवनला आले, एवढंच घरात माहीत आहे. सासूबाईंकडे एक फोटो आहे, मातीच्या घरासमोर सगळे उभे आहेत आणि मागे पेन्सिलने 'एसई १४-३८-९ डब्ल्यू ३' असं काहीतरी लिहिलंय, खाली एका गावाचं नाव आहे पण ते गाव गूगल मॅपवर कुठेच नाही. दोन वर्षं मी वेबसाइटवर त्यांचं नाव टाकून शोधतेय, त्याच नावाची शेकड्याने माणसं निघतात, जहाजाच्या याद्या बघून तर डोळे गेले. मुलगी नऊ वर्षांची आहे, माझ्या बाबांनी तिला आमच्याकडची सात पिढ्यांची नावं पाठ करून दिलीत, आता ती विचारते की बाबांकडची कुठेयत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : अहो, जी गोष्ट मिळवायला लोकांची वर्षं जातात ती तुमच्या सासूबाईंच्या कपाटात आहे आणि तुम्ही ती बाजूला ठेवून नाव शोधत बसलात! फोटोमागचे ते आकडे म्हणजे पणजोबांचा गट नंबर. आपल्याकडे जसं गाव, गट नंबर, हिस्सा सांगितला की तलाठी सातबारा काढून देतो तसंच हे, फक्त इथे गावाचं नाव लागत नाही, आकडेच पुरतात.

आता ते वाचायचं कसं बघा. कॅनडाच्या सरकारने अख्खी प्रेअरी, म्हणजे तिथली गवताळ मैदानं, पट्टीने आखल्यासारखी चौकोनात कापली होती. ६ मैल बाय ६ मैलाचा एक टाउनशिप, त्यात १ मैलाचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरचा आणि त्याचे चार तुकडे केले की १६० एकरचा क्वार्टर. तुमचा कागद उलटीकडून वाचा. डब्ल्यू ३ म्हणजे तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला, ही रेषा १०६ अंश रेखांशावर, तुमच्या सास्काटूनच्या थोडी पूर्वेला आहे. ९ म्हणजे त्या रेषेपासून पश्चिमेकडे नववी रांग, म्हणजे रेंज. ३८ म्हणजे अमेरिकेच्या हद्दीपासून वर मोजत गेलं की अडतिसावा टाउनशिप. १४ हा सेक्शन, आणि एसई म्हणजे त्या सेक्शनचा आग्नेयेचा क्वार्टर. सेक्शनचे नंबर खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होतात, पहिली ओळ डावीकडे जाते, दुसरी उलटी उजवीकडे येते, नांगर फिरवतो तसं, त्यामुळे १४ नंबर खालून तिसऱ्या ओळीत उजवीकडून दुसरा. म्हणजे तुम्ही रोज जिथे राहता तिथून गाडीने तासाभरात पोचाल एवढ्यावर ती जमीन आहे, पश्चिमेला आणि जराशी उत्तरेला. हे लिहिताना मलाच कसं भरून आलं.

अजून एक गोष्ट त्या १४ मध्ये आहे. सम नंबरचे सेक्शन साधारणपणे होमस्टेडसाठी, म्हणजे सरकार कसायला द्यायचं त्या जमिनीसाठी, मोकळे होते, विषम नंबरचे बरेचसे रेल्वे कंपन्यांच्या वाट्याला गेले होते, ११ आणि २९ शाळांसाठी राखीव, ८ पूर्ण आणि २६ चा बराचसा भाग हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचा. तुमचा १४, म्हणजे पणजोबांनी बहुतेक सरकारी होमस्टेडच घेतली. १८७२ च्या डॉमिनियन लँड्स अ‍ॅक्टप्रमाणे १० डॉलर फी भरायची, १६० एकर नावावर लागायची, पण कायमची नाही, ३ वर्षं त्यातले दरवर्षी ६ महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरलेली एकरं फोडून पेरायची, मग पेटंट म्हणजे मालकीचा कागद. (आपल्याकडे सीलिंगच्या कायद्यात जिरायत ५४ एकरांवर ठेवता येत नाही, तिथे सरकार १६० एकर हातात देत होतं, म्हणून नॉर्वेतल्या दगडधोंड्यातल्या छोट्या तुकड्यावरचा माणूस दोन-दोनदा घर मोडून निघाला हे समजतं.)

तर पहिलं काम, सस्कॅचेवनच्या प्रोव्हिन्शियल अर्काइव्ह्जकडे त्या क्वार्टरची होमस्टेड फाइल मागा. नावाचा इंडेक्स सस्कॅचेवन जिनिऑलॉजिकल सोसायटीने केलेला आहे, आणि त्यात ज्यांनी अर्ज केला पण अर्ध्यात सोडून गेले तेही आहेत, हे फार महत्त्वाचं. ओटावाच्या लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज कॅनडाचा जो लँड ग्रँट्सचा डेटाबेस आहे त्यात फक्त पेटंट मिळालेलेच सापडतात, तिथे नाव नाही म्हणून माणूस नव्हताच असं धरून बसू नका. एकाच क्वार्टरवर दोन-तीन जणांनी नशीब काढून बघितलेलं असतं, कोणी पहिल्याच हिवाळ्यात पळालेला असतो, त्यामुळे त्या जमिनीवरच्या सगळ्या फाइली मागा, नुसती आपल्या माणसाची नको.

फाइल आली की निवांत वेळ काढून वाचा. पेटंटसाठी त्यांना शपथेवर सगळं लिहून द्यावं लागायचं, कधी राहायला आलो, कुठल्या वर्षी किती एकर फोडलं, किती पेरलं, गुरं किती, घोडे किती, घर किती फुटांचं आणि किती किमतीचं, विहीर, कुंपण, घरात माणसं किती. मी अशा फाइली वाचल्या आहेत, पहिल्या वर्षी ५ एकर, दुसऱ्या वर्षी १२, असे आकडे असतात नुसते, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला त्या आकड्यांमागचं मरण दिसतं, कारण तिथली जमीन म्हणजे कधीच नांगर न लागलेलं गवत, मुळ्यांची जाड गादी. ती गादीच कापून विटांसारखी रचून घर करायचे, तुमच्या फोटोतलं घर तेच, सॉडी म्हणतात त्याला.

आणि साक्षीदार! फाइलीत दोन शेजाऱ्यांचे जबाब असतात आणि लोक ते वाचतच नाहीत. शेजारी म्हणजे बरेचदा मेव्हणा, गाववाला, एकाच बोटीने आलेला. पणजोबांचं मूळ गाव कुठे सापडलं नाही तर साक्षीदारांचं शोधा, त्याच खोऱ्यातलं निघायची शक्यता खूप. तसंच पेटंट हवं तर ब्रिटिश प्रजा व्हावं लागायचं, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असलं तरी इथे परत घ्यावं लागायचं, त्यामुळे नॅचरलायझेशनचा कागदही त्याच फाइलीत सापडू शकतो.

त्यानंतर १९०६ ची जनगणना बघा. ही फक्त मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा अशा तीन प्रांतांची वेगळी झाली होती (१९१६ ला परत झाली), आणि तिच्यात माणसाच्या नावापुढे सेक्शन, टाउनशिप, रेंज, मेरिडियन लिहिलेलं असतं. म्हणजे नावाचं स्पेलिंग मोजणी करणाऱ्याने कसंही लिहिलेलं असू दे, तुम्ही १४-३८-९ वर बोट ठेवत खाली जा, माणूस सापडेल. गुरांचेही आकडे आहेत, मुलीला आवडेल, पणजोबांकडे गायी किती होत्या ते. एक लक्षात ठेवा, सस्कॅचेवन हा प्रांतच १ सप्टेंबर १९०५ ला झाला, त्याआधीच्या कागदावर नॉर्थ-वेस्ट टेरिटरीज असं असेल, ते बघून वेगळी जागा समजू नका.

नकाशावर न सापडणारं गाव म्हणजे बहुधा पोस्ट ऑफिस असणार. एखाद्या शेतकऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत पोस्ट चालायचं, त्याला नाव दिलेलं असायचं, मग रेल्वे पाच-सात मैल लांबून गेली की दुकान, चर्च, पोस्ट सगळं तिकडे सरकायचं आणि मागचं नाव पुसलं जायचं. पोस्ट ऑफिसांची आणि पोस्टमास्तरांची यादी ओटावाच्या त्याच अर्काइव्ह्जच्या साइटवर आहे. त्यावरून जवळची शाळा कुठली ते काढा, एका खोलीच्या शाळांचे डिस्ट्रिक्ट असायचे. ते नाव पुढे उपयोगी पडतं, कारण प्रांताला ५० वर्षं झाली तेव्हा १९५५ ला आणि ७५ झाली तेव्हा १९८० ला गावोगावच्या लोकांनी आपापल्या परिसराचे जाडजाड इतिहास छापले, घराघराची माहिती घरच्यांनीच लिहून दिलेली, फोटोंसकट. अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या पील संग्रहात अशी पुस्तकं स्कॅन केलेली आहेत, तुमच्या सास्काटूनच्या लायब्ररीत तर हातात घेऊन बघता येतील. तारखा मात्र त्यात आठवणीवर लिहिलेल्या असतात, फाइलीशी ताडून घ्या.

आता जहाजाच्या याद्या तुम्ही का बंद करायच्या ते सांगते. तुमचे पणजोबा कॅनडाला जहाजाने आलेच नाहीत, ते डकोटाहून ट्रेनने आले, आणि अमेरिकेतून जमिनीवरून कॅनडात येणाऱ्यांची नोंद १९०८ च्या एप्रिलपासून ठेवायला लागले. १९०५ ला येणाऱ्याची नोंद सापडणार नाही कारण ती कोणी केलीच नाही. तुमचे डोळे उगाच गेले, वाईट वाटलं वाचून.

नॉर्थ डकोटासाठी १९०० ची अमेरिकन जनगणना घ्या, त्यात अमेरिकेत कुठल्या वर्षी आलो आणि नागरिकत्वाचं कुठवर आलंय हे दोन्ही रकाने आहेत. तिथेही होमस्टेडच असेल तर जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्सच्या सरकारी साइटवर पेटंट फुकट बघता येतं, आणि मागची पूर्ण फाइल वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधून मागवता येते. १८९० ची जनगणना शोधू नका, ती १९२१ च्या आगीत आणि पाण्यात जवळपास सगळी गेली.

नॉर्वेत मात्र नावाशिवाय इलाज नाही, पण तुम्ही मराठी आहात म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. त्यांचंही नाव तीन भागांचं, स्वतःचं, मग वडिलांचं, मग शेताचं. हान्सचा मुलगा ओले म्हणून ओले हान्सन, आणि बाक्के नावाच्या शेतावर राहतो म्हणून बाक्के, आपल्या 'कर' सारखंच की. फरक एवढाच की तो दुसऱ्या शेतावर राहायला गेला की शेवटचं नाव बदलायचं, आणि अमेरिकेत आल्यावर दोन भाऊ असतील तर एकाने वडिलांचं नाव आडनाव म्हणून धरलं आणि दुसऱ्याने शेताचं, असं सर्रास झालंय. कायमचं आडनाव लावायचा कायदा तिकडे १९२३ चा. म्हणजे दोन वर्षं तुम्ही जे आडनाव टाकत होतात ते नॉर्वेतल्या कागदावर नसूच शकतं! नॉर्वेच्या नॅशनल अर्काइव्ह्जचं डिजिटालअर्किव्हेट फुकट आहे, १८६५ आणि १८७५ च्या जनगणना, चर्चची पुस्तकं, आणि पोलिसांनी ठेवलेल्या देश सोडणाऱ्यांच्या वह्या, सगळं आहे. क्रिस्टियानिया असं दिसलं तर ते ओस्लोचं जुनं नाव. पॅरिश, म्हणजे चर्चचा इलाका, कळला की बिग्देबोक बघा, म्हणजे गावचं पुस्तक, प्रत्येक शेतावर पिढ्यान् पिढ्या कोण राहिलं ते शेतावार लिहिलेलं, आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असतात ना, वाचताना त्यांचीच आठवण येते. ग्रँड फोर्क्सच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटाच्या लायब्ररीत या बिग्देबोकांचा मोठा संग्रह आहे. आणि पॅरिश कळायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे डकोटातलं त्यांचं लुथरन चर्च, लग्नाच्या आणि बारशाच्या नोंदीत जन्मगाव लिहायची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती.

मुलीला अजून एक सांगा, अगदी आवर्जून. ती १६० एकर रिकामी नव्हती. तो सगळा भाग १८७६ च्या ट्रीटी ६ मधला, क्री लोकांचा, त्यांचे बायसन, म्हणजे रानटी गवे, संपत आले होते, उपासमार समोर दिसत होती त्या काळात तो करार झाला. तुमच्याच प्रांताच्या राजधानीच्या जागेला रेजायना नाव पडायच्या आधी हाडांचा ढीग म्हणायचे, बायसनच्या हाडांचा. पणजोबांचे कष्ट खरे आणि हेही खरं, दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवा.


प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ठाण्याचा, वय ७१. जावई एडमंटनचे. त्यांच्या घरी सांगतात की पणजोबा ऑस्ट्रियन शेतकरी होते, पण घरात ईस्टरची गाणी युक्रेनियन आणि चर्चही युक्रेनियन. शिवाय आडनाव एलिस आयलंडवर साहेबाने बदललं असंही म्हणतात. नातवासाठी हे लिहून ठेवायचंय, खरं काय समजायचं?

उत्तर : काका, दोन्ही खरं आहे, ऑस्ट्रियन आणि युक्रेनियन. गॅलिशिया हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे कागदावर ऑस्ट्रियन, गॅलिशियन, रुथेनियन यातलं काहीही असेल आणि माणूस युक्रेनियन असेल. या लोकांचं अल्बर्टात येणं १८९१ ला दोन जणांपासून सुरू झालं, इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक, दोघं नेबिलिव गावचे, आणि मग १८९६ नंतर क्लिफर्ड सिफ्टन कॅनडाचे मंत्री असताना एडमंटनच्या पूर्वेला गावंच्या गावं येऊन वसली. जावयांची जमीन त्या पट्ट्यातली असेल तर शेजारच्या क्वार्टरवाल्यांची मूळ गावं तपासा, एका गावचे लोक शेजारी शेजारीच जमीन घ्यायचे. फाइली अल्बर्टाच्या प्रोव्हिन्शियल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, वर आकड्यांचं जे सांगितलं ते तसंच्या तसं लागू.

एलिस आयलंडचं मात्र सोडून द्या. ते बाहेरून येणाऱ्यांना तपासायचं ठाणं न्यूयॉर्कला, अल्बर्टाला जाणारे बहुतेक हॅलिफॅक्सला किंवा क्वेबेकला उतरायचे. आणि अमेरिकेतसुद्धा तिथले अधिकारी नावं नव्याने लिहीत नव्हते, निघायच्या बंदरावर जहाज कंपनीच्या कारकुनाने केलेली यादी ते ताडून बघायचे. नाव बदललं ते पुढे हळूहळू, शाळेत, दुकानात, लँड ऑफिसात, कारण मूळ नाव सिरिलिक लिपीतलं आणि ऐकणारा इंग्रज. आपल्या एका दीक्षितचं इंग्रजीत किती तऱ्हेने होतं ते आठवा. हॅम्बुर्गहून निघाले असतील तर नशीबच, तिथल्या १८५० ते १९३४ च्या याद्या शाबूत आहेत आणि त्यात राहायचं गाव लिहिलेलं असतं. ब्रेमेनच्या बहुतेक गेल्या.

गाव सापडलं की ग्रीक कॅथलिक चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, पुष्कळदा लॅटिनमध्ये, त्यातल्या बऱ्याच युक्रेनमधल्या लव्हीवच्या ऐतिहासिक अर्काइव्हमध्ये आहेत. तारखेत १२-१३ दिवसांचा फरक आला तर चूक समजू नका, जुनं ज्युलियन कॅलेंडर आणि नवं यांचा तो फरक आहे, आपल्या आजीचा वाढदिवस तिथीने धरायचा की तारखेने तसंच. आणि १९१४ ते १९२० मधलं घरात कोणी काही बोलत नसेल तर हळुवारपणे विचारा. पहिल्या महायुद्धात कॅनडाने याच ऑस्ट्रियन कागदामुळे त्यांना शत्रूदेशाचे ठरवलं, ८,५७९ माणसं छावण्यांत डांबली, त्यात बहुतेक युक्रेनियन होते, आणि हजारो लोकांना हजेरी लावायला लागायची. कित्येक घरांत 'आम्ही ऑस्ट्रियन' हे म्हणणं गप्प झालं ते तेव्हापासून.


प्रश्न : माझी वहिनी नेब्रास्काची आहे. तिची पणजी एकटी शेती करायची, जमीन तिच्या स्वतःच्या नावावर होती असं ती सांगते. त्या काळी हे शक्य होतं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : अमेरिकेत हो, अगदी शक्य होतं. १८६२ च्या होमस्टेड अ‍ॅक्टमध्ये २१ वर्षांची अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित, कोणीही स्वतःच्या नावावर १६० एकर घेऊ शकायची, ५ वर्षं राहून कसायची, १९१२ पासून ती ३ वर्षांवर आली. कॅनडात मात्र एकट्या मुलीला मिळत नव्हती, पदरात मुलं असलेल्या विधवेलाच काय ती मिळायची, यावरून तिथल्या बायकांनी बरीच वर्षं भांडण केलं. त्यामुळे वहिनीची पणजी सीमेच्या दक्षिणेला होती हे तिचं नशीब.

शोधताना एक सांभाळा, अमेरिकेत सेक्शनचा १ नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होतो, कॅनडात खालच्या, एकीचा तक्ता दुसरीला लावला तर भलत्याच शेतात जाल. आणि अर्ज केला तेव्हा माहेरचं नाव, मधल्या वर्षांत लग्न, पेटंट निघालं ते सासरच्या नावाने, असंही झालेलं असू शकतं, म्हणून दोन्ही नावं टाकून बघायला सांगा.